लहान मच्छीमाराच्या नावावर

जिनिव्हातल्या व्यापार वाटाघाटींत लहान देशाच्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्हांला सूट कशातून हवी, आणि किती वर्षांची? विचारणारा बहुधा सज्जन असतो. त्याच्या वहीत त्यासाठी एक रकानाही आखलेला असतो. पॅसिफिक महासागरातल्या बेटांसाठी कायदेविषयक सल्लागार म्हणून मी मासेमारी अनुदानांच्या चर्चेत बसू लागले, तेव्हा या रकान्यात काय लिहायचं हाच आमचा पहिला पेच होता. सूट ही आमची मुख्य मागणी नव्हतीच. आम्हांला इतरांवर चाप हवा होता. पण लहान देश कडक नियम मागतोय, हे ऐकायची त्या इमारतीला सवय नव्हती.

विषय तसा जुना. सरकारं मासेमारीवर पैसा ओततात, त्यामुळे समुद्राला झेपणार नाहीत इतक्या बोटी उतरतात, तेव्हा हा पैसा आवरायला हवा, हे 2001 साली जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा परिषदेत ठरलं. 2005 मध्ये हाँगकाँगला त्याला आकार आला. मग मसुदे आले, त्यांवर हरकती आल्या, अध्यक्ष बदलत गेले. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत हे काम 2020 पर्यंत उरकायची मुदत घातली, तीही टळली. दरम्यान, अर्थशास्त्रज्ञ रशीद सुमैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार 2018 या एका वर्षात जगभरच्या सरकारांनी मासेमारीवर सुमारे 35.4 अब्ज डॉलर खर्च केले, आणि त्यातले 22 अब्जांहून अधिक बोटींची ताकद वाढवण्यात गेले. देणाऱ्यांत चीन, युरोपीय संघ, अमेरिका, दक्षिण कोरिया आणि जपान सगळ्यांत पुढे. सगळ्यांत मोठा प्रकार इंधनाचा. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचं म्हणणं असं की अनुदानं काढून घेतली तर खुल्या समुद्रातल्या मासेमारीच्या क्षेत्रांपैकी 54 टक्क्यांपर्यंत क्षेत्रांत धंदा तोट्यात जाईल. म्हणजे तिथे जहाज चालतं ते माशावर नाही, तिजोरीवर.

बेटांचा हिशेब या आकड्यांच्या नेमका उलटा असतो. किरिबाटीची जमीन 811 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला एखादा तालुका. तिच्या मालकीचा समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षाही मोठा. त्या समुद्रातून कुपा, म्हणजे ट्युना, फिरतो. जगातल्या ट्युनापैकी निम्म्याहून अधिक पॅसिफिकच्या पश्चिम आणि मध्य भागातून निघतो, आणि तो पकडणारी जहाजं बरीचशी बाहेरची असतात. बेटांचं उत्पन्न परवान्यातून येतं. किरिबाटीच्या सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा हा असा परक्या जहाजांनी भरलेला पैसा आहे.

हा पैसा पूर्वी किरकोळ होता. प्रत्येक बेट एकटं वाटाघाट करायचं आणि जहाजवाले एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवायचे. 1982 च्या नाऊरू कराराखाली पुढे आठ देश एकत्र आले, आणि 2007 पासून त्यांनी जहाज-दिवस विकायला सुरुवात केली. आमच्या पाण्यात एका पर्ससीन, म्हणजे वेढा घालणारं जाळं टाकणाऱ्या, जहाजाचा एक दिवस म्हणजे एक नग. नग किती विकायचे ते आठ जण मिळून ठरवणार, आणि भाव ठरलेल्या किमान दराखाली जाणार नाही. हा दर पुढे दिवसाला 8,000 डॉलर झाला. जागतिक व्यापाराच्या पाठ्यपुस्तकात तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेचं उदाहरण देतात. माझ्या मते शिकायचं असेल तर हे उदाहरण घ्यावं. मोजक्या माणसांच्या कचेऱ्यांनी, आरमार नसताना, जगातल्या सगळ्यांत दांडग्या मासेमारी ताफ्यांना दारात उभं केलं.

गंमत अशी की या आठांपैकी जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य दोनच: पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटं. किरिबाटी, तुवालू, नाऊरू, पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया हे सगळे संघटनेबाहेर. पॅसिफिकमधून खोलीत बसत ते फिजी, सामोआ, टोंगा, वानुआतू आणि हे दोघं. ज्यांचा मासा सर्वांत जास्त, त्यांतल्या बहुतेकांना खुर्चीच नाही. त्यांचं म्हणणं शेजाऱ्यांनी मांडायचं. त्यासाठी आधी आपापसांत ते जुळवायचं, आणि ते जुळवण्यात आमचा अर्धा वेळ जाई.

एकदा सॉलोमन बेटांतल्या होनियाराला, फोरम फिशरीज एजन्सी या बेटांच्या सामाईक संस्थेच्या टेकडीवरच्या कचेरीत जायचा योग आला. तिथे प्रादेशिक देखरेख केंद्र आहे. भिंतीवर नकाशा, नकाशावर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक जहाज, त्यावरच्या यंत्राने उपग्रहाला कळवलेली त्याची जागा. सोबतच्या अधिकाऱ्याने मला अनेक देशांच्या हद्दींच्या मधे अडकलेला कुणाच्याच मालकीचा नसलेला समुद्राचा तुकडा दाखवला. असे तुकडे पर्ससीनला बंद करायची अट या देशांनी 2010 पासून परवान्यातच घातली आहे: तिकडे जाळं टाकलंत तर आमच्या पाण्यात पाय ठेवायचा नाही. पण पूर्वेकडे, जिथे हद्दी संपून खुला समुद्र सुरू होतो, तिथे लांबदोरी टाकणाऱ्या जहाजांचे ठिपके हद्दीच्या रेषेला अशा बेताने लागून होते, जसा साखरेच्या डब्याचा काठ मुंग्यांनी धरावा. रेषेच्या आत एकेका दिवसाला पैसे मोजावे लागतात, बाहेर फुकट. मासा दोन्हीकडे तोच. आणि रेषेबाहेर महिनोन्‌महिने तग धरून राहायला जे लागतं ते डिझेल कुणीतरी स्वस्त करून दिलेलं असतं. अधिकारी म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही जिनिव्हात ज्या परिच्छेदावर भांडता ना, तो हा इथे आहे.’’ तो फिजीतला, घरी भोजपुरी वळणाची हिंदी बोलणारा, त्यामुळे आमचं आपसातलं बोलणं हिंदीतच चाले आणि इतरांना वाटे की आम्ही काहीतरी गुप्त शिजवतोय.

जिनिव्हात मात्र तो परिच्छेद इतका उघड दिसत नसे. मसुद्यातली माझी आवडती, म्हणजे झोप उडवणारी जागा एका तळटीपेत होती. एका सरकारने दुसऱ्या सरकारला मासेमारीच्या प्रवेशासाठी दिलेले पैसे हे अनुदान मानू नयेत, असं ती तळटीप सांगते. बेटांना ती हवीच होती. ती नसती तर आमचं उत्पन्नच उद्या कुणी बेकायदा ठरवलं असतं. युरोपीय संघ सेशेल्ससारख्या देशांना असे पैसे देतो, तेव्हा हिंदी महासागरातल्या बेटांनाही ती तितकीच हवी होती. पण त्या पैशाच्या पुढची पायरी बघा. सरकार मोठी रक्कम भरून प्रवेश विकत घेतं आणि आपल्या जहाज कंपनीला तो थोडक्यात देऊन टाकतं. मधला फरक हे अनुदान नव्हे तर काय? आम्हांला तळटीपेचा पहिला भाग राखून दुसरा उघडा ठेवायचा होता. एक शब्द इकडे सरकला तर बेटांची तिजोरी धोक्यात, तिकडे सरकला तर परक्या कंपनीला पळवाट. यात एक अवघड गोष्टही होती आणि ती आमच्या बैठकांत कुणी मोठ्याने बोलत नसे: अनुदान घेणारं जहाज परवान्याला जास्त पैसे मोजू शकतं. अनुदानं खरोखर संपली तर काही वर्षं बेटांच्या उत्पन्नालाही चटका बसेल. तरीही कडक नियम मागणं हा त्यांचा निर्णय होता, कारण मासा संपला की भाव आणि दर दोन्ही संपतात.

‘परक्या समुद्रातली मासेमारी’ या कलमाचंही असंच. दुसऱ्याच्या पाण्यात जाऊन मासे पकडणाऱ्यांचं अनुदान बंद करा, हे आमच्या मनातलं कलम. पण नाऊरू करारातल्या देशांची जहाजं 1994 च्या एका व्यवस्थेखाली एकमेकांच्या पाण्यात जातात. पापुआ न्यू गिनीचं जहाज सॉलोमनच्या पाण्यात गेलं की कायद्याच्या भाषेत तेही परक्या समुद्रातच. शेजारच्या अंगणात जाणं आणि अर्धी पृथ्वी ओलांडून येणं यांत फरक करणारी वाक्यरचना शोधण्यात आमच्या किती संध्याकाळी गेल्या! शब्द सापडे, आणि दुसऱ्या दिवशी मोठा देश म्हणे, छान आहे, हा आम्हांलाही लागू करा.

यातच मनुष्यबळाचा प्रश्न. मोठ्या देशाच्या शिष्टमंडळात अनुदानांचा तज्ज्ञ वेगळा, मत्स्यशास्त्राचा वेगळा, नुसती टिपणं घेणारा वेगळा. आमच्याकडे एकच अधिकारी सकाळी आरोग्य संघटनेत, दुपारी मानवी हक्क परिषदेत आणि संध्याकाळी मासेमारीला. काही लहान देशांचं तर जिनिव्हात कार्यालयच नसतं. एकाच वेळी तीन छोट्या गटांच्या चर्चा लागल्या की आम्ही कुठल्या खोलीत नसायचं ते निवडत असू. आणि ज्या खोलीत तुम्ही नसता, तिथला परिच्छेद दुसऱ्या दिवशी बदलून येतो, हे अगदी ठरलेलं.

करोनाकाळात बैठका पडद्यावर गेल्या, तेव्हा काहींना वाटलं की आता लहान देशांची सोय झाली. जिनिव्हात दुपारचे तीन म्हणजे फिजीतल्या सुव्यात रात्रीचा एक. माझ्याकडे दुपारचा चहा आणि त्यांच्याकडे मुलं झोपल्यावर हळू आवाजात बोलणारा माणूस, असा तो काळ. त्यात एखाद्याच्या बेटावरचं इंटरनेट गेलं की त्या देशाचं मत नोंदवायचंच राहून जाई.

आता भारताबद्दल. हे लिहिताना मला जरा जपूनच लिहावं लागतं, कारण माझं माहेर मालवणचं. घरात मामाची यांत्रिकी बोट, त्यामुळे डिझेलवरच्या कराचा परतावा हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला विषय. संस्थेतून अर्ज, मत्स्यव्यवसाय खात्याकडून मंजुरी, आणि मग पैसे कधी येतील ते दर्यालाच माहीत. मी कुठल्या कामात आहे हे मामाला कळलं, तेव्हा त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘ता सगळा खरा गो. मगे आमच्या डिझेलाचा काय ता सांग.’’

भारताची बाजू फोल नव्हती. जिनिव्हातल्या परिषदेत भारताच्या मंत्र्यांनी मांडलेला हिशेब असा की आपल्याकडे मच्छीमार कुटुंबामागे वर्षाला जेमतेम 15 डॉलर अनुदान पडतं, आणि श्रीमंत देशांत ते हजारोंच्या घरात जातं. ज्यांनी दशकानुदशकं समुद्र ओरबाडला त्यांनी आधी भरपाई करावी, दूरच्या समुद्रात जाणाऱ्यांनी 25 वर्षं अनुदान थांबवावं, आणि आम्हांला आमच्या 200 सागरी मैलांत 25 वर्षं मोकळीक द्यावी. यातला दूरच्या ताफ्यांचा मुद्दा बेटांच्या मनातलाच होता. अडलं ते मोकळिकीवर. कारण विकसनशील म्हणून सूट मागणाऱ्यांच्या रांगेत भारत एकटा नव्हता. तीच फट जगातला सगळ्यांत मोठा ताफा वापरू शकत होता. मसुद्यात मग जगाच्या एकूण पकडीत 0.8 टक्क्यापेक्षा कमी वाटा असलेल्यांना सरसकट सूट, अशी रेघ ओढली गेली. बेटांपैकी बहुतेक त्यात बसत. भारताचा वाटा त्याच्या कितीतरी पट. भारताच्या नजरेत ती रेघ म्हणजे गरिबावर अन्याय होता. पंचवीस वर्षांची मोकळीक हा बेटांच्या नजरेत तसाच अन्याय होता.

मी दोन्हीकडचं ऐकलं आणि माझं मत असं बनलं, ते कुणाला आवडो न आवडो: त्या वाटाघाटींत लहान मच्छीमाराचं नाव सगळ्यांनी घेतलं, पण त्याच्या नावाने मागितलेली सूट त्याच्या मापाची कधीच नव्हती. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला माणसं लागतात, डिझेल लागतं ट्रॉलरला. अनुदान लिटरमागे दिलं की ते जास्त लिटर जाळणाऱ्याकडेच जातं, मग फाइलवर नाव कुणाचंही असो. मामाच्या हक्काचा परतावा वेळेवर मिळावा असं मला आजही मनापासून वाटतं. पण त्याला ढाल करून हजार टनांच्या जहाजाला डिझेल द्यायचं असेल, तर त्याच्याशी माझं भांडण आहे.

2022 च्या जूनमधली बारावी मंत्रिपरिषद खरं तर 2020 मध्ये कझाकस्तानात व्हायची होती. ती पुढे गेली, मग 2021 च्या नोव्हेंबरात जिनिव्हात ठरली आणि ओमायक्रॉनमुळे अगदी तोंडावर रद्द झाली. अखेर भरली तेव्हा चार दिवसांची परिषद 17 जूनच्या पहाटेपर्यंत ताणली गेली. शेवटच्या रात्री मंत्री आतल्या खोलीत आणि आमच्यासारखे बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकून, फोनवर येणाऱ्या मसुद्याची प्रत्येक नवी प्रत मागच्या प्रतीशी ताडून बघत. मध्यरात्रीनंतर आलेली प्रत एकदम पातळ झाली होती. ज्या कलमासाठी आम्ही आलो होतो, ताफ्याची ताकद फुगवणाऱ्या अनुदानांचं, ते सबंध काढून टाकलं होतं. उरलं ते तीन गोष्टींपुरतं: बेकायदा मासेमारी करणाऱ्यांना अनुदान नाही, संपत आलेल्या साठ्यांवर अनुदान नाही, आणि कुणाच्याच व्यवस्थापनाखाली नसलेल्या खुल्या समुद्रात अनुदान नाही. पहाटे टाळ्या झाल्या. वीस वर्षांनी काहीतरी हाती लागलं होतं, त्यामुळे टाळ्या खोट्या नव्हत्या. माझ्या शेजारी उभी असलेली सामोआची सहकारी मात्र टाळ्या वाजवता वाजवताच पुढच्या बैठकीची तारीख विचारत होती.

उरलेलं काम अबू धाबीच्या परिषदेत, 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायचं होतं. तिथला मसुदा वाचताना बेटांचा विरस झाला. मोठी अनुदानं देणाऱ्यांनी साठे टिकवायचे उपाय आहेत असं दाखवलं की अनुदान चालू ठेवता येईल, असं त्यात होतं. ज्याच्याकडे संशोधन नौका, शास्त्रज्ञ आणि कागद तयार करणारी खाती आहेत, तो हे सहज दाखवेल. ज्याच्याकडे नाहीत, तो दाखवू शकणार नाही. म्हणजे सूट मोठ्यांनाच! फिजीचे तेव्हाचे उपपंतप्रधान मनोआ कामिकामिका पॅसिफिकच्या वतीने तिथे होते, आणि हा मसुदा अधिक कडक करा हा बेटांचा आग्रह शेवटपर्यंत राहिला. दुसऱ्या बाजूने भारताला तो विकसनशील देशांवर फार कडक वाटत होता. दोन टोकांनी ओढलेला तो मसुदा मंजूर झाला नाही. त्या वेळी काही बातम्यांत भारत आणि बेटं दोघांनाही ‘अडवणारे’ म्हणून एका ओळीत बसवलं होतं, ते वाचून मी आणि माझा होनियाराचा मित्र दोघंही खूप हसलो. दोघांची कारणं पूर्व-पश्चिम!

पहिला करार 15 सप्टेंबर 2025 ला अमलात आला. आवश्यक दोन-तृतीयांश सदस्यांनी तो स्वीकारला म्हणून. त्याला एक मुदतही बांधली आहे. अमलात आल्यापासून चार वर्षांत उरलेले नियम झाले नाहीत तर, संघटनेच्या महापरिषदेने वेगळं ठरवलं नाही तर, करारच गळून पडतो. त्यामुळे काम संपलेलं नाही. बदललं एवढंच की आता रोजचे प्रश्न वाटाघाटींचे नाहीत, अंमलबजावणीचे आहेत. ते मला जास्त अवघड वाटतात.

नमुन्यादाखल हा एक. करारात आपत्तीनंतरच्या मदतीची तरतूद आहे: वादळाने मोडलेली मासेमारी उभी करायला सरकार पैसा देऊ शकतं. पण तो त्या आपत्तीपुरता, त्या भागापुरता आणि मर्यादित काळापुरता हवा, आणि बोटींचा ताफा आपत्तीपूर्वीच्या पातळीपर्यंतच आणता येतो, त्यापुढे नाही. कागदावर अगदी रास्त. परवा एका बेटाच्या मत्स्यखात्यातल्या तरुण अधिकाऱ्याचं पत्र आलं. वादळात किनाऱ्यावरच्या होड्या वाहून गेल्या, सरकार लोकांना नव्या होड्या आणि इंजिनं द्यायच्या विचारात आहे. वादळाआधी होड्या किती होत्या याची नोंद कुणाकडेच नाही. लाकूड कोरून केलेली होडी, घरासमोर ठेवलेली, तिला कसला नोंदणी क्रमांक? काही घरांत एका होडीवर तीन भाऊ जात, आता तिघांनीही वेगवेगळे अर्ज केलेत. याची पूर्वीची पातळी काय धरायची?

मी त्याला लिहिलंय की वादळाआधीची उपग्रह छायाचित्रं मिळाली तर किनाऱ्यावरच्या होड्या मोजून बघ. गावच्या चर्चमध्ये आणि शाळेत विचार, तिथल्या माणसांना कुणाची होडी कुठे उभी असायची ते ठाऊक असतं. आणि तीन भावांना आधी एकाच होडीचा अर्ज करायला सांग. उत्तरात त्याने कळवलं की भाऊ तयार नाहीत, धाकट्याचं आता लग्न झालंय.